'ॲडव्हान्स'ला मराठीत काय म्हणायचं?

मंडप आणि केटरिंगचा व्यवसाय असलेल्या एका वाचकाने विचारलंय: नवं पावतीपुस्तक पूर्ण मराठीत छापून घ्यायचं आहे, तर 'ॲडव्हान्स'च्या रकान्याला काय नाव द्यावं? 'आगाऊ' म्हटलं की गिऱ्हाईक हसतं आणि 'अग्रिम' फार सरकारी वाटतं.

रकान्यापुरतं उत्तर सोपं आहे: 'जमा'. शिंप्याच्या किंवा सोनाराच्या पावतीवर खाली तीन ओळी असतात, एकूण, जमा, बाकी. कुणालाही त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

बोलताना मात्र 'जमा' पुरत नाही. "पाच हजार जमा द्या" असं कोणी म्हणत नाही. ॲडव्हान्सला मराठीत एकच एक प्रतिशब्द शोधायला गेलं की घोळ होतो, कारण आपल्याकडे पैसे कशापोटी दिले आणि ते फिटणार कसे, हे त्या शब्दातच सांगितलेलं असतं. व्यवहार बदलला की शब्द बदलतो.

काम करणारा पुढच्या मजुरीपोटी आधीच पैसे घेतो, ती उचल. दुकानातला नोकर महिन्याच्या मध्यात मालकाकडून घेतो तीही उचलच. पण या शब्दाचं सगळं वजन कळतं ते ऊसतोडीत. बीड, जालना, परभणीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात, उचल मात्र मुकादमाकडून त्याआधीच घेतलेली असते. ती कोयत्यावर ठरते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पुढे टनामागे तोडणीची जी मजुरी होईल, तिच्यातून उचल फिटते. दिवस बुडाला तर खाडा धरतात. आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, तरी फिटली नाही, तर उरलेली रक्कम अंगावर राहते. पुढच्या हंगामात ती फेडायला पुन्हा त्याच मुकादमाकडे जावं लागतं. हे अंगावर राहणं 'ॲडव्हान्स' या शब्दात कुठेच उमटत नाही. म्हणून ऊसतोड मजुरांवर लिहिताना तरी 'उचल'च लिहावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

त्याच फडाचा मालकही उचल म्हणतो, पण वेगळ्या अर्थाने. अंतिम दर ठरण्याआधी कारखाना शेतकऱ्याला टनामागे जी पहिली रक्कम देतो, ती 'पहिली उचल'. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत आकडा मागितला जातो तो हिचाच. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि त्यावरून दर हंगामात भांडण होतं. इथे फेडायचं काहीच नसतं. ऊस गेलेला असतो, पैसे शेतकऱ्याच्या हक्काचे असतात, फक्त पुढचा हप्ता यायचा असतो. एकाच फडात मजुराची उचल म्हणजे देणं आणि मालकाची उचल म्हणजे येणं, तरी बोलताना कुणाचा गोंधळ होत नाही.

जमीन, घर किंवा बैलजोडीचा सौदा पक्का करायला देतात तो विसार. काही भागांत इसार म्हणतात. विसार दिला म्हणजे शब्द दिला. घेणारा फिरला तर विसार बुडतो, आणि विकणारा फिरला तर त्याने दुप्पट द्यावा, असं कित्येक विसारपावत्यांत लिहिलेलं असतं. सौदा पार पडला की विसार किमतीतून वळता होतो. मात्र 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विक्रीच्या नुसत्या कराराने मालकी येत नाही. त्यासाठी खरेदीखत नोंदवावंच लागतं. कोल्हापूर-सांगलीकडच्या दस्तांत 'संचकारपत्र' हा शब्द दिसतो, आणि पलीकडे कन्नडमध्येही संचकार आहे. अमरकोशात याच अर्थाचा 'सत्यंकार' दिलेला आहे, म्हणजे सौदा खरा करणं. हल्ली एजंट मंडळी 'टोकन' म्हणतात. विसारासारखा भरीव शब्द असताना टोकन कशाला, हे मला अजून पटलेलं नाही.

अनामत वेगळी. ती परत मिळायची असते, किमतीत वळती होत नाही. घरभाड्याचं डिपॉझिट ही अनामत. लोकसभेच्या सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला 25,000 रुपये अनामत भरावी लागते आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मतं मिळाली नाहीत, तर ती जप्त होते. बंगळूरला गेलेल्या मराठी माणसांनी इथे जरा जपावं, कारण तिकडे घरभाड्याच्या अनामतीलाच सर्रास ॲडव्हान्स म्हणतात. तो महिन्याच्या भाड्यातून आपोआप वजा होईल, असं धरून चालू नये.

सरकारी कामासाठी कर्मचारी आधी पैसे उचलतो आणि नंतर खर्चाच्या पावत्या जोडून हिशेब देतो, ती तसलमात. महापालिकांच्या कागदांत ती अजून जिवंत आहे. अग्रिम हा शब्द पुस्तकी खरा, पण सण अग्रिमामुळे सरकारी कर्मचाऱ्यांच्या आणि पीकविम्यामुळे शेतकऱ्यांच्या तोंडात तो रुळला आहे. 2023 च्या खरिपात पाऊस हुकला, तेव्हा मराठवाड्यात "25 टक्के अग्रिम आला का?" ही रोजची विचारपूस होती.

तुमच्या धंद्याला सगळ्यात जवळचा शब्द सुपारी. बँडवाल्याला, तमाशाच्या फडाला तारीख पक्की करताना सुपारी देतात आणि लग्न ठरलं की सुपारी फुटते. गुन्ह्यांच्या बातम्यांनी या शब्दाला लावलेला अर्थ मागून आलेला आहे. बोलताना खुशाल वापरा. छापील पावतीवर मात्र अनोळखी माणूस दचकेल.

राहिला आगाऊ. पोराला आगाऊ म्हणतो, तोही आपली पायरी सोडून पुढे पुढे करणारा, म्हणून. हसू येतं ते शब्द एकटा उभा केला की. 'आगाऊ रक्कम', 'आगाऊ भाडं', 'आगाऊ नोंदणी' यांवर कोणी हसत नाही.

तेव्हा रकान्यात 'एकूण, जमा, बाकी' छापा आणि खाली एक ओळ घाला: 'तारखेची नोंदणी आगाऊ रक्कम जमा झाल्यावरच पक्की होईल.' कार्यक्रम रद्द झाला तर ती रक्कम परत देणार की नाही, आणि देणार असाल तर किती, हेही त्याच पावतीवर स्पष्ट लिहा. भांडी, खुर्च्या मोडल्या तर म्हणून वेगळे पैसे घेत असाल, तर तेवढ्यापुरता 'अनामत' असा स्वतंत्र रकाना ठेवा; ते पैसे जमेत मिसळू नका.