घाटात इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला, तर लगेच रेडिएटरचं झाकण उघडून पाणी घालावं का?

नाही, गरम इंजिनवर झाकणाला हातच लावू नका; गाडी कडेला घ्या, हॅझर्ड लाइट लावा, एसी आणि इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं, रेडिएटरमधलं द्रव) दाबाखाली असतं (झाकणाची स्प्रिंग साधारण १ बार दाब धरते), म्हणून ते १०० अंशांवर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब उतरतो आणि सगळं त्याच क्षणी उकळून हातातोंडावर उडतं. गॅरेजमध्ये भाजलेले हात बघितलेत, बहुतेक घाई करणाऱ्यांचेच. तापलेल्या इंजिनवर वरून बाटली रिकामी करणं तर शुद्ध वेडेपणा, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला (इंजिनच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

आंबेनळीसारख्या अरुंद घाटात थांबायला जागा नसेल, तर हीटर फुल गरमवर आणि पंखा फुल करा. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनची उष्णता केबिनमध्ये खेचतो. घामाघूम व्हाल, पण चार वळणं निघतील. मात्र बॉनेटमधून वाफ येत असेल किंवा हीटर गार हवा फेकत असेल, तर कूलंट संपलेलं असण्याची शक्यता जास्त. जमेल तेवढं कडेला घेऊन इंजिन तिथेच बंद.

रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) कोमट आणि मऊ लागला की जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. तोवर बोटं रेडिएटरच्या पंख्यापासून लांब, तो बंद गाडीतही अचानक फिरतो. साधं पाणी गॅरेजपर्यंत चालतं.