अमेरिकेत कॉलेजातून काढलेल्या फुटबॉलपटूंना ज्युनियर कॉलेजात खरंच दुसरी संधी मिळते का?

मिळते, पण मैदानापेक्षा वर्गात जास्त कसोटी लागते. (फुटबॉल म्हणजे तिकडचा, अंडाकृती चेंडूचा; आणि ज्युनियर कॉलेज म्हणजे आपलं अकरावी-बारावीचं नव्हे, बारावीनंतरचं दोन वर्षांचं.)

कॅम न्यूटन या नावाजलेल्या खेळाडूचंच बघा. 2008 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात असताना चोरीच्या लॅपटॉपवरून अटक झाली. मग टेक्सासमधलं ब्लिन हे ज्युनियर कॉलेज, 2009 मध्ये तिथे राष्ट्रीय विजेतेपद, 2010 मध्ये ऑबर्न विद्यापीठाकडून खेळताना हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. पण ऑबर्नची पदवी हातात आली 2015 मध्ये, तोवर तो एनएफएलमध्ये, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक लीगमध्ये, चार हंगाम खेळून मोकळा झाला होता!

असे हिरे मोजकेच. ज्यांचे बारावीपर्यंतचे मार्कच कमी पडतात, त्यांना मोठ्या विद्यापीठाच्या संघात जायचं तर आधी ज्युनियर कॉलेजातली दोन वर्षांची पदवी पूर्ण करावी लागते. गाडी अडते ती इथे. मिसिसिपीतल्या स्कूबा या टीचभर गावातल्या ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजात (हेही ज्युनियर कॉलेजच) ब्रिटनी वॅगनर ही शैक्षणिक सल्लागार होती. वर्गाला निघालेल्या धिप्पाड पोरांना ती विचारायची, "पेन्सिल आहे का?" बऱ्याचदा नसायची.

माझ्या मते प्रशिक्षकाइतकीच गरज अशा बाईची असते. प्रशिक्षकाला शनिवारचा सामना जिंकायचा असतो, पोरगा गणितात नापास झाला तर पुढच्या वर्षी नवा आणता येतो.