सोलापुरात जुना, स्वस्तातला, बऱ्याच पात्यांचा खिशातला चाकू कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की ट्रेकसाठी हवाय, ३०० रुपयांच्या आत हवाय, आणि शेवटी विचारलंय, 'पॉलिश केलेला चकचकीत घेतला तर बरा ना?' त्या शेवटच्या वाक्यासाठी मी उत्तर लिहायला बसलोय.

बरा नाही. जुना चाकू चकचकीत दिसला तर खाली ठेवायचा आणि पुढं चालायला लागायचं.

माझे वडील मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम, होते. त्यांच्या खिशात इंग्लंडातल्या शेफील्डचा, रॉजर्स कंपनीचा चाकू असायचा. शिंगाची मूठ, एक मोठं पातं, एक छोटं, डबा फोडायचं एक आणि मागच्या बाजूला आरी. सूत कापायचं, चपलेला भोक पाडायचं, डब्यातला कांदा चिरायचा, सगळं त्याच्यावर. दर रविवारी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचे, सांध्यातली कापसाची रुई काडीनं काढायचे, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि धारेच्या दगडावर चार हात. पातं काळपट पडलं होतं. साधं पोलाद लिंबू-कैरी कापून तसंच काळवंडतं. तो थर म्हणजे गंज नाही, उलट तो गंजाला थोडा अडवतो.

वडील गेले आणि महिन्याभरात दादानं तो चाकू मोटरवर फिरणाऱ्या पॉलिशच्या चाकावर नेऊन दिला. 'बाबांची वस्तू अशी काळी ठेवायची का?' आरशासारखा होऊन आला. पातं दोन-तृतीयांश उरलं होतं आणि टोकाला निळसर छटा होती. पोलाद ३०० अंशांच्या आसपास तापलं की असा निळा रंग चढतो आणि पातं मऊ पडतं. मी माझ्या मागाच्या शेडवर नेऊन सुताच्या पिळ्यावर चालवलं, दहा-बारा पिळ्यांत धार गेली. दगडावर पुन्हा लावली, पुन्हा गेली. दादा आजही म्हणतो, जुनं पोलाद होतं, संपलं. पोलाद संपत नाही हो, जाळलं जातं. तीस वर्षं बाबांनी वापरलेलं पातं एका दुपारी गेलं.

त्यानंतर मी अक्कलकोट रोडला भंगारवाल्याकडे मागाचे सुटे भाग शोधत होतो. पोत्याच्या तळाशी एक काळा गोळा दिसला. चार पाती, गंजलेली, एकही उघडेना. १२० रुपयांना घेतला. दोन दिवस रॉकेलमध्ये ठेवला, दाताच्या जुन्या ब्रशनं घासला. आज अकरा वर्षं तो माझ्या खिशात आहे आणि माझ्या शेडचे अण्णा स्वतःचा नवा चाकू सोडून माझाच मागतात.

तर वरचा गंज बघूच नका, तो उतरतो. पैसे मोजायचे ते स्प्रिंगचे. पातं अर्ध्याहून जास्त मिटून सोडा, पुढं ते आपणहून ओढलं जाऊन खट्ट बसायला हवं. बहुतेकदा एकाच स्प्रिंगवर दोन्ही टोकांची पाती चालतात, म्हणून एक ढिलं निघालं तर दुसरंही ढिलंच धरा. उघडं पातं डावी-उजवीकडे हलवा, लटपटलं तर रिव्हेट, म्हणजे पातं धरणारी खीळ, झिजलाय. मिटलेला चाकू उजेडाकडे धरून पाठीकडून बघा, स्प्रिंगच्या कडेनं फट दिसली तर नको. खोल खड्डे पाडलेला गंजही नको.

लाल मुठीवर पांढरा क्रॉस दिसला म्हणून स्विस समजू नका. मोठ्या पात्याच्या बुडाशी व्हिक्टोरिनॉक्स किंवा वेंगर या स्विस कंपन्यांचं नाव कोरलेलं आहे का ते वाचा. वेंगर २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सनंच विकत घेतली आणि २०१३ साली तिचे चाकू स्वतःच्या नावात मिसळून टाकले, त्यामुळे त्या नावाचा चाकू सापडला तर तो जुनाच असणार. ३०० रुपयांत अस्सल मिळाला तर नशीब, पण भंगारवाल्याला नाव वाचता येत नसेल तर मिळतोही. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नवे मिळतात ते घेऊ नका, पाती पत्र्याची असतात.

कुठे मिळेल म्हणाल तर पक्कं दुकान कुठलंच नाही. भंगारवाल्यांना सांगून ठेवा आणि महिन्यातून दोनदा चक्कर मारा. पुण्याला जाणं झालं तर जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो.

हो, राहिलंच. बटण दाबून उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका, पोलिसांनी अडवलं तर ट्रेकचं कारण कुणी ऐकणार नाही. आता होटगी रोडवरून विमानं सुटतात, तेव्हा हातातल्या बॅगेत कुठलाच चाकू ठेवू नका, काढून घेतात.

आणि दादा, तू माझी उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. संक्रांतीला येशील तेव्हा शोकेसमधला बाबांचा चाकू घेऊन ये. मी माझा आणतो. एकाच सुतावर दोन्ही चालवू आणि तूच मोज.