आरसी (रिमोट कंट्रोलच्या) गाडीचे घरी बनवलेले टायर लगेच खराब होतात, जास्त टिकणारे कसे बनवायचे?

तुम्ही लिहिलंय की १/१४ स्केलची (खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्शाची) बग्गी आहे, कंपनीचे टायर गुळगुळीत झाले म्हणून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून फेविक्विकने चिकटवल्या, आणि थोड्याच दिवसांत कुठे पट्टी सुटली तर कुठे मधोमध भोक पडलं. आता अजून कडक रबर कुठलं घ्यावं असं विचारताय. माझं सरळ मत सांगतो, रबर कुठलं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. घरगुती टायर झिजून संपेपर्यंत टिकतच नाहीत हो, त्याच्या आधीच ते जोडावर उघडतात नाहीतर फुगून मधल्या भागातच घासले जातात. हे दोन बंद केले तर साधं भंगारातलं रबरही भरपूर चालतं.

फुगण्याचं गणित एकदा बघून घ्या म्हणजे पुढचं सगळं का करायचं ते कळेल. समजा टायरचा व्यास ६५ मिमी आहे, म्हणजे परीघ साधारण २०४ मिमी. गाडी ताशी ४० किमीने पळाली की चाक सेकंदाला ५४ वेळा फिरतं, मिनिटाला तीन हजारच्या वर. या वेगाला टायरच्या बाहेरच्या कडेवरचं प्रत्येक १ ग्रॅम रबर जवळजवळ ३८० ग्रॅमच्या जोराने बाहेर ओढलं जातं, गोफणीतल्या दगडासारखं. आणि वेग निम्मा केला की हा जोर निम्मा नाही तर पाव होतो, म्हणून २० च्या स्पीडला छान चाललेला टायर ४० ला अचानक फाटतो आणि आपण म्हणतो कालपर्यंत तर नीट होता. ट्यूबची पट्टी तर ताणली जाण्यासाठीच असते, ती मधून फुगते, मग रस्त्याला फक्त मधली एक बारीक पट्टी टेकते आणि तिथेच भोक पडतं. तुमचं अगदी हेच झालंय.

म्हणून नवीन काही करायच्या आधी जुना टायर हातात घेऊन नीट बघा. फक्त मधोमध झिजलाय तर तो फुगतोय. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत आहे तर टायरच्या आत भरलेला फोम दबून बसलाय. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर जास्त आहे, चाकं वरून आत झुकलीत. रबराच्या गुट्ट्यांना एका बाजूने धार आल्यासारखी वाटत असेल तर टो बिघडलाय, चाकं सरळ न फिरता तिरकी घासत चाललीत. टो आणि कॅम्बर बिघडलेल्या गाडीला ट्रकचं रबर लावलं तरी ते खाल्लंच जाणार, त्यामुळे ते आधी सरळ करा, फुकट आहे.

आता रबर. सायकलच्या ट्यूबचा नाद सोडा, ते हवा धरून ठेवायला बनवलेलं ब्यूटाइल रबर आहे, पातळ आहे, रस्त्यावर घासायला नाही. त्याऐवजी सायकलचा जुना टायर घ्या, दुकानदार बहुतेक फुकट देतात. त्यात कार्बन ब्लॅक असतं म्हणून घासायला दणकट असतो आणि आतून नायलॉनच्या धाग्याचं कापड असतं. शिवाय तो आडवा आधीच गोलसर असतो, त्यामुळे पट्टी आरसी टायरच्या उंचवट्यावर आपोआप बसते. बारीक नक्षीचा घ्या, मोठ्या गुट्ट्यांचा एमटीबीचा (डोंगरी सायकलचा) टायर आपल्या गाडीला फार जड होतो. उन्हात पडून भेगा पडलेला घेऊ नका, वाकवून बघितलं की भेगा लगेच दिसतात. दुसरा पर्याय म्हणजे चप्पल-बुटांचं सामान विकणाऱ्या दुकानात रबरी सोलशीट मिळते ती, ३-४ मिमीची. ती घासायला मस्त पण आत धागा नाही, म्हणजे फुगणं थांबवायची जबाबदारी पूर्ण तुमची.

इथे एक गोम आहे. सायकल टायरमधले धागे लांबीला सरळ नसतात, तिरके असतात, साधारण ४५ अंशात दोन्हीकडून. त्यामुळे पट्टी लांबीला ओढली की थोडी ताणली जातेच. टायरमध्ये धागा आहे म्हणजे फुगणार नाही असं समजू नका, गोलाकार सरळ जाणारा एक थर आतून लागतोच. मी मोटर वायंडिंगवाल्यांकडे मिळते ती पांढरी कॉटन टेप वापरतो, स्वस्त असते आणि लांबीला अजिबात ताणली जात नाही. जुना टायर रिमवरून काढायचा, आतून रॉकेलबिकेल न लावता साबणाने धुवून वाळवायचा, मग आतल्या बाजूने बरोबर मध्यावर सोल्युशन (रबर चिकटवायचा पातळ गोंद) लावून टेपचे दोन वेढे द्यायचे. फक्त एक सांभाळा, या टेपवर फेविक्विक कधीच टाकू नका. त्यातलं सायनोॲक्रिलेट सुती कापडावर पडलं की इतकं गरम होतं की धूर निघतो आणि बोट भाजतं.

हो, टायर पूर्ण नवीन बनवायच्या भानगडीत पडू नका, जुनाच रिमोल्ड करा, म्हणजे त्याच्यावरच नवीन रबराची पट्टी चढवा. जुन्या टायरची कड रिमच्या खाचेत बरोबर बसते, ती घरी बनवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे. रिमला चिकटलेला टायर निघत नसेल तर चाक उकळत्या पाण्यात काही मिनिटं ठेवा, जुना ग्लू मऊ पडतो, मग चिमट्याने बाहेर काढून जाड फडक्याने धरून सोडवा. ॲसिटोनने पण निघतो पण रिम एबीएस प्लास्टिकची असेल तर रिमच विरघळायला लागते.

चिकटवायचं कसं ते पंक्चरच्या दुकानात थोडा वेळ उभं राहून बघा, तो माणूस काय करतो? आधी कानशीने घासतो, चमक पूर्ण जाऊन रबर मॅट काळं दिसेपर्यंत. मग सोल्युशन पातळ पसरवतो, आणि मग काहीच करत नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकाची हवा भरतो. बोटाच्या मागच्या बाजूने हात लावून बघतो, चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की मगच पॅच ठेवतो आणि हातोडीने ठोकतो. आपण नेमकं याच्या उलट करतो, न घासता भरपूर सोल्युशन ओततो आणि ओल्यावरच दाबून देतो. ओलं असताना दाबलं की आतला सॉल्व्हंट आतच अडकतो आणि जोड कायम मऊ राहतो.

तर जुन्या टायरची उरलेली नक्षी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट करा, सायकल टायरच्या पट्टीची आतली बाजू पण घासा. धूळ कोरड्या ब्रशने काढा, पेट्रोलने पुसू नका, रबर फुगतं. टायरला कधी चमकवायचं पॉलिश मारलं असेल तर ते सिलिकॉनचं असतं आणि त्यावर काहीच चिकटत नाही, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा. चिकटवायला चप्पलवाल्यांकडचं निओप्रीनचं सोल्युशन घ्या. फेविक्विक टाइपचा ग्लू कडक होतो, टायर दर फेरीला वाकतो, मग तो ग्लू काचेसारखा तडकतो, म्हणून तो पट्टीसाठी नको. पण टायरची कड रिमला चिकटवायला तोच उत्तम, कारण तिथे काही वाकत नाही. दोन्ही बाजूंना सोल्युशनचे दोन पातळ हात द्या, प्रत्येक हात सुकू द्या, मग पट्टी ठेवा. एकदा टेकली की सरकत नाही, त्यामुळे मध्यावर खूण करून ठेवा. हे काम गॅलरीत करा, वास डोक्यात जातो आणि जवळपास गॅस पेटलेला नको.

आता जोड, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे. पट्टीची दोन टोकं समोरासमोर भिडवली तर ती उघडणारच. परिघापेक्षा पट्टी १५ मिमी जास्त ठेवा, दोन्ही टोकं ४५ अंशात तिरकी कापा म्हणजे जोड एकदम रस्त्यावर आपटत नाही, हळूहळू टेकतो. आणि दोन्ही टोकं रापीने किंवा पॉलिश पेपरने उतरती करा, एक वरून एक खालून, म्हणजे एकमेकांवर बसल्यावर जाडी तेवढीच राहील. वरच्या टोकाची दिशा पण बघा. गाडी पुढे जाताना ते टोक रस्त्याला सगळ्यात शेवटी टेकलं पाहिजे. उलटं बसवलं तर ॲक्सिलरेटर दिला की रस्ताच ते टोक उचकटतो, नखाने स्टिकर काढावा तसं. याचा अर्थ डावं आणि उजवं चाक वेगळं बनणार, खडूने बाण काढून ठेवा नाहीतर घोळ होतो. मग सायकल ट्यूबची लांब पट्टी बाहेरून करकचून गुंडाळा आणि एक दिवस तसंच राहू द्या. ट्यूबचा खरा उपयोग हा.

आतला फोम बघा. गादीतला स्पंज पाणी पितो आणि पावसाळ्यात चाक दुप्पट जड होतं. जुनी योगा मॅट असेल तर तिच्या पट्ट्या कापा, त्या पाणी घेत नाहीत आणि लवकर बसत नाहीत. पोकळीपेक्षा किंचित मोठ्या ठेवा म्हणजे टायर आतून भरलेला राहील. रिमला दोन बारीक भोकं असू द्या, आतली हवा कोंडली तर टायर दगडासारखा उड्या मारतो.

चारही चाकांचा व्यास सारखा हवा, फोर व्हील ड्राइव्हमध्ये तर हवाच. पुढची मोठी मागची लहान झाली की सरळ रस्त्यावर पण कुठलं तरी चाक सतत घासत राहतं, त्यात टायर जातात आणि गिअर पण. गाडी उलटी करून डब्यावर ठेवा, अगदी हळू थ्रॉटल द्या आणि लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून टायरला हलकेच टेकवा, उंचवटे निघून जातात. डोळ्यावर चष्मा घाला, नवीन टायर त्या वेळी फुल थ्रॉटलला नेऊ नका, आणि थ्रॉटल मुलांच्या हातात तर अजिबात देऊ नका.

व्यास वाढला की गिअरिंग पण बदलतं बरं का. ६५ चा टायर ७१ झाला म्हणजे ९ टक्के मोठा, गाडीचा टॉप स्पीड कागदावर वाढतो पण मोटर तापते. जुनी नक्षी घासायला सांगितली ती यासाठी पण. तरीही मोटरला बोट लावून ठेवता येत नसेल इतकी तापत असेल तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) लावा. जडपणा फिरणाऱ्या चाकावरच येतो म्हणून चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, ड्राइव्ह शाफ्टवर, पण लोड वाढतो, स्वस्त गाड्यांत तो प्लास्टिकचा असतो.

लोक याशिवाय जे उपाय सुचवतात त्यावर थोडक्यात. जुना टायर वितळवून साच्यात ओतायचं डोक्यातून काढा, रबराला गंधक लावून तापवलं की ते पक्कं होतं, चार्ल्स गुडइयरला १८३९ साली हेच सापडलं होतं, आणि एकदा तसं झालेलं रबर परत वितळत नाही, फक्त जळतं आणि विषारी धूर देतं. सिलिकॉन सीलंटचे टायर दिसायला भारी, फरशीवर ग्रिप पण मस्त, पण एक खडा लागला की चीर पडते आणि ती पळत जाते. थ्रीडी प्रिंटर असलेला मित्र असेल तर टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) हा खरंच चांगला पर्याय आहे, ९५ ए हार्डनेसचं फिलामेंट (प्रिंटरमध्ये घालायची प्लास्टिकची तार) घासायला रबरापेक्षाही चिवट असतं आणि जोडच नसतो. फक्त गुळगुळीत फरशीवर किंवा चायना मोझॅकच्या गच्चीवर गाडी साबणावर चालवल्यासारखी सरकते, मुरमाच्या मैदानावर ठीक चालते. पावसाळ्यात फिलामेंट आधी ५० डिग्रीच्या आसपास काही तास वाळवायला सांगा, ओलं टीपीयू प्रिंट होताना बुडबुडतं आणि थर नीट धरत नाहीत. आणि ज्यांना फक्त ड्रिफ्ट करायचंय, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी सरकवायचीय, त्यांनी तर रबराच्या नादीच लागू नये, २ इंची शेड्यूल ४० चा (ही भिंतीच्या जाडीची श्रेणी) यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पाइप आतून ५२.५ मिमी असतो, १/१० टूरिंग गाडीच्या रिमवर थोडं घासून बसतो, २६ मिमीचे चार तुकडे कापले की झालं. तुमच्या बग्गीला ते चालणार नाही.

तुमची सोसायटी पेव्हर ब्लॉकची आहे का सिमेंट रोडची ते लिहिलं नाहीत. खरखरीत ब्रश मारलेलं काँक्रीट असेल तर सोलशीटपेक्षा सायकल टायरच घ्या. पेव्हर ब्लॉक असतील तर त्यांच्या कडा जोडावर सारख्या आपटतात, तिथे तिरका कट ४५ च्या ऐवजी अजून लांबट करा, आणि सुरुवातीला मागच्याच दोन चाकांवर करून बघत असाल तर पुढच्या जुन्या चाकांचा व्यास मोजून मागची तेवढीच घासा.