बी. बी. किंग यांचा शेवटचा अल्बम 'वन काइंड फेवर' ऐकताना नेमकं काय ऐकायचं?

अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग यांच्या 'द थ्रिल इज गॉन' या गाण्यापलीकडे काही ऐकलेलं नाही, तर थेट शेवटच्या अल्बमपासून सुरुवात केली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालेल. फक्त बाराही गाणी एका दमात संपवू नका. मूळ गाणं आधी, किंग यांचं नंतर, अशा जोड्या लावून ऐका.

कारण अल्बम बांधलाच तसा आहे. तो ऑगस्ट २००८मध्ये आला तेव्हा किंग ८२ वर्षांचे होते. पुढे लाइव्ह रेकॉर्डिंग आलं, पण स्टुडिओत केलेला अल्बम हाच शेवटचा. आधीच्या, २००५च्या '८०'मध्ये पाहुण्या गायकांची गर्दी होती. इथे निर्माता टी-बोन बर्नेट यांनी ती काढून टाकली. पियानोवर डॉ. जॉन, बेसवर नेथन ईस्ट, ड्रमवर जिम केल्टनर, शिवाय ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं). गाणी बहुतेक किंग तरुणपणी ज्यांना ऐकत वाढले त्यांची.

पहिली जोडी ब्लाइंड लेमन जेफरसन यांच्या 'सी दॅट माय ग्रेव्ह इज केप्ट क्लीन'ची. अल्बमचं नाव याच गाण्यातून आलंय. जेफरसन १९२०च्या दशकात एकट्या गिटारवर गातात, किंग पूर्ण बँड घेऊन. माझी कबर स्वच्छ ठेवा, एवढीच विनवणी. आणि खुद्द जेफरसन यांच्या टेक्सासमधल्या कबरीवर १९६७पर्यंत साधी खूणही नव्हती. दुसरी जोडी हाउलिन वुल्फ यांच्या १९५१च्या 'हाउ मेनी मोअर इयर्स'ची. तिसरी मिसिसिपी शीक्स यांच्या १९३०च्या 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड'ची. बार म्हणजे साधारण चार मात्रांचा तुकडा; ब्लूजचं एक आवर्तन सहसा १२ बारचं असतं. हे गाणं मात्र मुळात ९ बारचं आहे, त्यामुळे १२ बार मोजत बसलात तर चुकाल.

आता गिटार. किंग गाताना सहसा वाजवत नसत. १२ बारच्या ब्लूजमध्ये एक ओळ ४ बारची असते; त्यातले साधारण पहिले दोन आवाजाचे, उरलेले गिटारच्या उत्तराचे. त्या उत्तरात किती कमी स्वर आहेत ते मोजा. सगळा जीव स्वराच्या कंपनात आहे. ते मनगटातून येतं: तर्जनी तारेवर टेकलेली, अंगठा गिटारच्या मानेवरून सुटलेला, पंजा तर्जनीभोवती हलतो. नुसतं बोट हलवलं की कंपन आखडतं. स्वतः वाजवत असाल तर 'ए'मध्ये तर्जनी बी तारेच्या १०व्या फ्रेटवर ठेवा, अनामिका १२व्यावर ठेवून तार चढवा आणि दोन ओळींमधली जागा भरून टाकायचा मोह आवरा. शिकणाऱ्यांचं बहुतेक तिथेच बिघडतं.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका. ईस्ट यांचा बेस आणि केल्टनर यांचा बास ड्रम त्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि बँड पातळ वाटतो. साधे वायरचे इयरफोनही पुरतात.

'टुमॉरो नाइट' शेवटी ठेवा. लॉनी जॉन्सन यांचं हे १९४८चं गाजलेलं गाणं १२ बारचा ब्लूज नाही, संथ प्रेमगीत आहे. इथे गिटारपेक्षा किंग यांच्या आवाजाकडे लक्ष द्या, विशेषतः ओळीच्या शेवटी ते स्वर कसा सोडतात तिकडे.