मुंबईतल्या सीरियल किलर रामन राघवला नेमकं कोणी पकडलं, रमाकांत कुलकर्णींनी की अ‍ॅलेक्स फियाल्होंनी?

प्रत्यक्ष पकडलं ते फियाल्होंनी. तपासाची सूत्रं मात्र गुन्हे शाखेचे उपायुक्त असलेल्या कुलकर्णींच्या हाती होती. फियाल्हो तेव्हा सब-इन्स्पेक्टर होते. ऑगस्ट 1968 मध्ये डोंगरीच्या रस्त्यात त्यांनी या माणसाला वर्णन आणि जुन्या फोटोवरून ओळखलं. तो आधीही पोलिसांच्या हाती लागून सुटला होता, म्हणून तर फोटो दप्तरी होता! अंगझडतीत चष्मा, कंगवे, कात्री, अगरबत्तीचा स्टँड, लसूण, चहाची पूड असला किरकोळ ऐवज निघाला. नाव त्याने 'सिंधी दलवाई' सांगितलं, पण बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले आणि ओळख पक्की झाली. कोंबडी खाऊ घातल्यावर तो बोलता झाला, हा लोकांचा आवडता किस्सा. पण पोलिसांपुढचा नुसता कबुलीजबाब आपल्याकडे कोर्टात पुरावा ठरत नाही. त्याने हत्यारं लपवल्याची जागा दाखवली, ते माझ्या मते जास्त मोलाचं. एक मात्र लक्षात घ्या: कबुली डझनावारी खुनांची असली तरी ते सगळे कोर्टात सिद्ध झालेले नाहीत. फाशीची शिक्षा सुनावली गेली, पण फाशी झाली नाही. मानसिक आजारामुळे 1987 मध्ये हायकोर्टाने ती शिक्षा जन्मठेपेवर आणली.