मुलगी झोपली की भांडी नकोत, सुई घ्या

“मी शिवायला बसले की ती मुद्दाम येऊन चिंध्या ओढते. मी ओरडते. मग रात्री ती झोपल्यावर मलाच रडू येतं.” अडीच वर्षांच्या मुलीची आई सांगत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बहिणीच्या होणाऱ्या बाळासाठी तिने ३ फूट बाय ४ फुटांची गोधडी करायला घेतली होती. जुन्या सुती साड्यांचे तुकडे कापून झाले आणि काम तिथेच अडलं. मूल लहान असताना स्वतःची हौस करणं स्वार्थीपणाचं आहे का, असं ती विचारत होती.

स्वार्थ मुळीच नाही. तिच्या दिवसाचा क्रम तेवढा उलटा लागला होता. आठवड्याची दिनचर्या लिहून आणायला सांगितल्यावर ते दिसलं. दुपारी १ ते २:३० मुलगी झोपायची, तेव्हा आई भांडी, ओटा, कपड्यांच्या घड्या उरकायची. मुलगी उठली की सुई हातात. पुष्कळ घरांत हेच चालतं. घड्या घालताना मूल मध्ये आलं तर काही बिघडत नाही. धावदोरा घालताना आलं तर ओळ वाकडी जाते, सुई हातातून पडते, आईचा पारा चढतो. शिवाय आई समोर असूनही मान खाली घालून बसलेली. मग मूल चिंध्या ओढणारच.

म्हणून अदलाबदल केली. घरकाम मुलगी जागी असताना, तिला सोबत घेऊन: मोज्यांच्या जोड्या लावणं, मेथीची पानं खुडणं, ओल्या फडक्याने खालचा कप्पा पुसणं. २० मिनिटांच्या कामाला ४० मिनिटं लागतील हे धरूनच चालायचं. त्याआधी १५ मिनिटं निव्वळ तिची. फोन दुसऱ्या खोलीत, खेळ ती ठरवणार, “हा कोणता रंग?” अशी परीक्षा घ्यायची नाही. “५ मिनिटांनी उठते” हे या वयात कळत नाही. “बाहुली जेवली की आपण मेथी निवडू” हे कळतं. बाहुली जेवली की उठायचंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या शब्दाला किंमत राहत नाही.

झोपेची वेळ मात्र पूर्ण गोधडीची. सुरुवातीला तिने तेव्हा शिलाई मशीन लावलं आणि आवाजाने मुलगी उठली. मग कामाची वाटणी केली. दुपारी हातकाम: तुकडे जुळवणं, थर अंथरून वीतभर अंतरावर कच्चे टाके घालणं, मग धावदोरा. तुकडे जोडायची मशीनची शिवण रात्री ७:३० ते ८:३०, बाबा मुलीला जेवू घालतो तेव्हा. हा तास मिळवणं सगळ्यात जड गेलं. मशीनवर बसूनच ती सूचना द्यायची, “भात गार करा, चमचा छोटा घ्या,” आणि आवाज ऐकून मुलगी आईकडे धावायची. दार लावून घ्या, भात सांडला तर सांडू द्या, असं स्पष्ट सांगावं लागलं.

सुया मोजून काढायच्या, मोजून झाकणाच्या डबीत ठेवायच्या. कात्री, बटणं, मणी वरच्या कपाटात. काम संपलं की मशीनचा प्लग काढायचा. पायाचं पेडल मुलांना फार खुणावतं.

शिवताना मुलीला मोबाइल द्यावा का, हेही तिने विचारलं. २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन, कमी तितकी बरी, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. तो वेळ आजारपणासाठी राखून ठेवलेला बरा.

एक गोष्ट वेगळी. क्रम बदलूनही दोन आठवडे मन उदासच राहिलं, झोप येईना, हौसेचं कामही नकोसं झालं, तर वेळापत्रकात उत्तर शोधू नका. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

मूल मोठं होताना दुपारची झोप सुटते. तेव्हा ती वेळ सोडून देऊ नका. चित्रांची पुस्तकं, ठोकळे देऊन त्याच खोलीत, त्याच वेळी १० मिनिटांच्या ‘शांत वेळे’पासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा.